ठाणे खाडीचं अभयारण्य: रेघ अर्ध्यावरच मारलीय का?

खाडीकाठचा
नोव्हेंबर लागला की फ्लेमिंगोचे फोटो सुरू, ते ठीकच आहे. पण २०१५ ला १,६९० हेक्टर अभयारण्य झालं, २०२२ ला ६,५२१ हेक्टर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, तरी भरतीला हे पक्षी जातात कुठे ते कोणी विचारत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा चोच उलटी करून शेवाळ गाळत फिरतात, पण पाणी चढलं की तो चिखलच बुडतो, मग उथळ पाण्यात उभं राहायला दुसरी जागा लागते. ती म्हणजे नेरुळ-सीवूड्सची तळी, उरणचं पाणजे. यातलं काहीच अभयारण्यात नाही. ताट राखलं आणि पाट काढून घेतला, असला प्रकार.

सेक्टरवाला
तळी कसली? बंधारे घालून भराव केला त्यात राहिलेली डबकी आहेत ती. अख्खी नवी मुंबई खाजणं आणि मिठागरांवर उभी आहे, तुमची बिल्डिंग पण. आता प्रत्येक डबक्याला पाणथळ म्हणायचं तर माणसांनी घरं बांधायची कुठे, हवेत?

खाडीकाठचा
माणसाने केलेलं म्हणून बाद? भरतपूरचं केवलादेव पक्षी उद्यान राजाने बंधारे घालून केलेलं, १९८१ पासून रामसर यादीत आहे. आणि नेरुळच्या डीपीएस तलावाचं काय झालं ते बघा ना, भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली, तळं सुकलं, २०२४ च्या एप्रिलमध्ये फ्लेमिंगो मेले. मग ओरड झाली आणि २०२५ ला राज्य वन्यजीव मंडळाने ते राखीव करायला मान्यता दिली. म्हणजे मेल्यावर.

नाखवा_बेलापूर
तुमचं दोघांचं चालूद्या. आमच्या आज्याच्या टायमाला या खाडीत बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, चिखलात निवट्या, डोल जाळं लावलं की घर चालायचं. आता गटाराचं आणि कंपन्यांचं पाणी येतं, गाळ एवढा की ओहोटीला होडी रुतून बसते, ढकलायला उतरलं तर मांडीपर्यंत काळा चिखल. त्याच घाण पाण्यावर शेवाळ माजतं आणि छोटा रोहित, म्हणजे हाच फ्लेमिंगो, तेच खातो, म्हणून एवढे थवे. पक्षी वाढले म्हणजे खाडी सुधारली असं कोणी सांगू नका. तिवरं पण त्याच गाळावर पसरतायत, चिखलपट्टा खातायत, आणि होडीच्या वाटेतली फांदी तोडायची तरी भीती, तिवरं तोडायला बंदी घालणारा २०१८ चा हायकोर्टाचा आदेश आहे.

सेक्टरवाला
बघा, नाखवा पण माझ्याच बाजूने बोलतायत.

नाखवा_बेलापूर
तुझ्या बाजूने कुठं रे? ती तळी भरलीस तर पावसात उधाणाचं पाणी आमच्या गावात घुसंल. आमचं म्हणणं वेगळं हाय, सांडपाणी आधी बंद करा.

खाडीकाठचा
नाखवा, सांडपाण्याचं शंभर टक्के मान्य. पण तो आदेश नसता तर ती तिवरं राहिली असती का, हे पण सांगा. होडीच्या वाटेसाठी रीतसर परवानगी मागता येते, भराव झालेलं खाजण परत मागता येत नाही.

नाखवा_बेलापूर
रीतसर म्हणजे किती वर्षं ते तू अर्ज करून बघ एकदा.