ईयूव्ही यंत्राची नक्कल का होत नाही?

सिलिकॉनवेडा: अत्याधुनिक चिपसाठी लागणारी ईयूव्ही यंत्रं, म्हणजे अतिशय कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने चिपवर नक्षी छापणारी यंत्रं, जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. पैसा आणि इंजिनियर असलेल्या देशाचं घोडं नेमकं कुठे अडतं? २०२२ च्या युद्धात युक्रेनमधल्या निऑन वायूच्या झालेल्या तुटवड्याचा याच्याशी संबंध आहे का?

प्रकाशरेषा: जुळणी एएसएमएलची, पण पोटातलं बरंच सामान बाहेरचं. १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवायला निर्वात पोकळीत सेकंदाला ५० हजार कथिलाचे थेंब सोडतात. प्रत्येक थेंबावर लेसर दोनदा पडतो: आधी थेंब चपटा होतो, मग त्याचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, होतो आणि त्यातून हा प्रकाश निघतो. लेसर जर्मनीच्या ट्रम्फचा. प्रकाशस्रोत सॅन दिएगोच्या सायमरचा, ती कंपनी एएसएमएलने २०१३ मध्ये घेतली. उडालेलं कथील आरशावर बसतं, म्हणून हायड्रोजन खेळता ठेवून ते वायुरूपात काढतात. हे बिघडलं की आरसा मंदावतो आणि तासाला निघणाऱ्या वेफर (ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) घटतात.

खरी मेख आरशांतच आहे. काच हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे भिंग निरुपयोगी. आरसे बनवणारी जर्मन कंपनी झाइस मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे काही नॅनोमीटरचे थर आलटून पालटून चढवते. एक आरसा सुमारे ७० टक्के प्रकाश परत देतो. ११ आरशांनंतर उरतो जेमतेम २ टक्के. एका आरशाचा आकडा ७० वरून ६५ वर आला, तर शेवटी १ टक्काही हाती लागत नाही! यंत्र उघडून आरसा दिसेल, तो घासण्याची आणि मोजण्याची पद्धत कशी दिसणार?

निऑन ईयूव्हीत नव्हे, जास्त तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरणाऱ्या जुन्या डीयूव्ही यंत्रांच्या लेसरमध्ये लागतो. तिथल्या वायुमिश्रणात बहुतेक भाग निऑनचाच असतो.

रेझिस्टवाला: यंत्र मिळालं तरी फोटोरेझिस्ट, म्हणजे नक्षी उमटावी म्हणून वेफरवर लावतात तो प्रकाशसंवेदी लेप, हवाच, आणि त्यात जपान पुढे. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणारं फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड यांच्या निर्यातीवर निर्बंध कडक केले. सॅमसंगच्या देशाचीही धावपळ उडाली. साठा करावा म्हटलं तर रेझिस्ट काही महिन्यांत खराब होतं. शिवाय दुसऱ्या कंपनीचं आणलं की एक्स्पोजर (प्रकाश पाडणं), बेकिंग (तापवणं), डेव्हलपिंग (रसायनाने नक्षी उघडी करणं) सगळं नव्याने बसवावं लागतं. ते होईपर्यंत रेषा कडेने खडबडीत येतात किंवा मधेच तुटतात.

सिलिकॉनवेडा: मग गुजरातमधल्या धोलेऱ्याला होणाऱ्या टाटांच्या चिप कारखान्याचं काय?

प्रकाशरेषा: तिथे टाटांना तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीचं तंत्रज्ञान मिळणार आहे, २८ नॅनोमीटर आणि त्याहून मोठं. त्याला ईयूव्ही लागत नाही, १९३ नॅनोमीटरची डीयूव्ही यंत्रं पुरतात. म्हणजे तुम्ही विचारलेला निऑन तिथे मात्र लागेल.