मदत हवी आहे: शेवंतीला कळ्याच धरत नाहीत, आणि संक्रांतीपर्यंत बाल्कनीत काय फुलवता येईल?

कुंडीवाली

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याला दुसऱ्या मजल्यावर राहते. हॉलची मोठी बाल्कनी दक्षिणेला, खाली वाहता रस्ता. स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी पूर्वेला, ती सोसायटीच्या आतल्या बाजूला उघडते.

गेल्या दिवाळीत नर्सरीतून शेवंती आणली होती, पिवळी आणि जांभळट. तेव्हा झाडं जेमतेम वीतभर आणि पान दिसू नये इतकी फुलं. बहर संपल्यावर छाटली, पावसाळ्याआधी काश्या (मुळाशी फुटलेली पिल्लं) सुट्या करून नव्या कुंड्यांत लावल्या. सगळ्या जगल्या. आता झाडं गुडघ्याच्या वर गेलीत, पानं काळीभोर हिरवी, कीड नाही, रोग नाही. फक्त कळी नाही. ऑक्टोबर संपत आला. आई सोलापूरहून फोनवर सांगते की तिच्या अंगणातली शेवंती कळ्यांनी लगडली आहे, आणि मग मला खताचं विचारते. खत घालते हो! दर पंधरवड्याला गांडूळखत, मधूनमधून पेंडीचं पाणी.

प्रश्न दोन. एक, हिला झालंय काय? दोन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येतील तेव्हा बाल्कनीत रंग दिसावा असं मनात आहे. आता सुरुवात केली तर १४ जानेवारीपर्यंत काय फुलेल? बिया घ्याव्यात की तयार रोपं?

गच्चीवाला

पेंडीचं पाणी आजपासून बंद. नत्र जास्त झालं की शेवंती पानांतच रमते. कळी धरायच्या वेळी ०-५२-३४ हे विद्राव्य खत (यात नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश) लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. आणि शेंडे शेवटचे कधी खुडले होते? शेवंतीची खुडणी ऑगस्टच्या मध्यापर्यंत आटोपायला हवी. गणपतीत खुडत बसलात तर तेवढा बहर पुढे गेला समजा.

कुंडीवाली

खुडणी जुलैत केली, नंतर हात लावलेला नाही. खत थांबवते.

मुळाकाठी

खताचं ठीक आहे, पण आधी एक सांगा. मोठ्या बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का? दुसरा मजला म्हणजे बरोबर दिव्याच्या उंचीवर. आणि सगळ्या कुंड्या त्याच बाल्कनीत आहेत, की एखादी दुसरीकडेही आहे?

कुंडीवाली

अगदी समोर आहे! पांढरा एलईडी, रात्री बाल्कनीत पेपर वाचता येईल इतका उजेड. पण झाडांचा आणि त्याचा काय संबंध?

तुम्ही विचारलंत म्हणून ड्राय बाल्कनीत जाऊन आले. तिथे जागेअभावी एक कुंडी ठेवली होती, त्याच पिवळ्या झाडाची काशी. खरं तर ती जरा दुर्लक्षितच. तिच्या शेंड्यांवर मोहरीएवढे हिरवे गोळे दिसतायत. कळ्याच ना या?

मुळाकाठी

कळ्याच. म्हणजे निदान तुमच्या घरातच झालं. एकाच झाडाची पिल्लं, तीच माती, तेच खत. अंधारातलीला कळी आली, उजेडातल्या नुसत्या वाढतायत.

शेवंतीला थंडी पडली हे कळतं त्याहून जास्त रात्र लांबली हे कळतं. पुण्यात जूनमध्ये सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात सगळ्यात लहान अकरा तासांचा. पावसाळा सरताना रात्री लांबत जातात, तेव्हा झाड वाढ आवरून कळीच्या मागे लागतं. पण ती रात्र सलग काळोखी हवी. मध्ये उजेड पडला तर झाडाच्या हिशेबी रात्र तुटते, दोन छोट्या रात्री होतात, आणि ते अजून उन्हाळा समजून पानं काढत राहतं. पॉलिहाऊसवाले शेतकरी हेच मुद्दाम करतात. बाजार पुढच्या तारखेचा धरायचा असेल तर मध्यरात्री काही तास दिवे लावून कळी रोखून धरतात, मग दिवे बंद करून हव्या त्या आठवड्यात फुलं काढतात. तुमच्याकडे हे काम रस्त्यावरचा खांब फुकटात करतोय.

उपाय सोपा आहे, फक्त नियम मोडायचा नाही. रोज संध्याकाळी ६ ला कुंड्या झाकायच्या, सकाळी ७-८ ला उघडायच्या. फ्रिजचं रिकामं खोकं उत्तम. नाहीतर रेलिंगच्या आतून जाड काळ्या कापडाचा पडदा सोडा, सकाळी गुंडाळून ठेवा. हिरवी शेडनेट चालणार नाही, तिच्यातून उजेड येतो. कळ्या दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आणि झाकायला लागल्यापासून फुलं उमलेपर्यंत जातीप्रमाणे आठ ते दहा आठवडे. उद्यापासून लागलात तर संक्रांत गाठता येईल. मात्र कळ्यांवर रंग दिसेपर्यंत झाकणं सोडू नका, आणि हॉलचा दिवा बाल्कनीत पडत असेल तर तोही पडद्याआड.

डोंबिवलीकर

सोपा उपाय: महापालिकेला अर्ज करा, शेवंतीला झोप येत नाही म्हणून दिवा काढा. 😀

मुळाकाठी

अर्ज मंजूर होईपर्यंत पुढची दिवाळी येईल. खोकं बरं.

ताई, उंचीचंही सांगायचं राहिलं. नर्सरीत वीतभर शेवंती फुलांनी गच्च दिसते, ती बऱ्याचदा वाढरोधक औषध देऊन बुटकी ठेवलेली असते. घरी आल्यावर औषधाचा अंमल ओसरतो आणि झाड आपल्या मूळ उंचीला जातं. तुमचं काही बिघडलेलं नाही. काठ्या लावून बांधा. आणि पुढच्या वर्षी आपल्याकडची झिप्री किंवा रेवडी बघा, हार-वेण्यांची जुनी शेवंती. फूल लहान, पण दिसायला भरगच्च.

कुंडीवाली

धन्यवाद! फ्रिजचं खोकं शेजारच्या काकूंकडे आहे, आजच मागते. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळूया का?

दिल्लीतली_मनू

हिवाळी फुलं म्हणजे आमचा हक्काचा विषय. 🙂 पॅन्झी, स्वीट पी, डेलिया, सिनेरारिया, लार्क्सपर, काही सोडू नका. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बागा नुसत्या पेटलेल्या असतात. स्वीट पी तर लावाच, त्या वासासाठी.

गच्चीवाला

मनूताई, दिल्लीचा फेब्रुवारी पुण्यात मिळत नाही ना. इथे फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारचा पारा ३२-३३ ला टेकतो आणि पॅन्झी मान टाकते. स्वीट पीला बी टाकल्यापासून तीन महिने तरी लागतात, म्हणजे आता पेरलं तर फूल येता येता ऊन तापलेलं. ज्याला हवं त्याने सप्टेंबर संपताना पेरावं. सिनेरारिया मी दोनदा करून सोडून दिला.

कुंडीवाली, तुमची दक्षिणेची बाल्कनी हिवाळ्यात सोनं आहे. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा तिथे वरच्या स्लॅबची सावली पडते. डिसेंबरात तो दुपारीसुद्धा ४८ अंशांवरच असतो, दक्षिणेकडून तिरपा आत येतो. ज्या कोपऱ्यात उन्हाळ्यात काही येत नाही तिथे पिटुनिया लावा.

बियांतून करायचं तर मी फक्त चार घेईन: नॅस्टर्शियम, कॅलेंडुला, बुटका फ्रेंच झेंडू, कॉसमॉस. चारही साधारण दोन महिन्यांत फुलतात. त्यातही नॅस्टर्शियम पहिलं. बी वाटाण्याएवढं, रात्रभर भिजवायचं आणि थेट कुंडीत अर्धा इंच खोल. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला आवडत नाही. आणि खत घालू नका, हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय! सुपीक मातीत त्याची पानं कमळासारखी मोठी होतात आणि फुलं त्यांच्याखाली लपतात. पानं-फुलं दोन्ही खाता येतात, चव अळीवासारखी तिखट. हळदीकुंकवाला कोशिंबिरीवर दोन फुलं ठेवा, बायका रेसिपी विचारत बसतील.

पिटुनिया, डायन्थस आणि डॉग फ्लॉवर यांची मात्र रोपंच आणा. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक, त्यावर माती टाकली तर उगवत नाही, कारण त्याला उजेड लागतो. उगवून फुलायला अडीच-तीन महिने. उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यावर ओळीने नर्सऱ्या आहेत, तिथे एक चक्कर मारा. रोप घेताना फुललेलं घेऊ नका. बुटकं, फांद्या फुटलेलं, कळी नुकती दिसणारं घ्या. पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आली असतील तर ते जुनं रोप. आणून लावलं की असलेलं फूल खुडून टाका. जीवावर येतं, पण पंधरा दिवसांत चौपट फांद्या फुटतात.

कुंडीवाली

माती? माझ्याकडे आहे ती काळी, वाळली की दगड.

गच्चीवाला

काळी निम्म्यावर आणा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, मूठभर जाडसर वाळू. पाणी सकाळीच. बोटाचं एक पेर मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. थंडीत माती वाळायला वेळ लागतो, रोज पाणी देणाऱ्यांची रोपं देठापाशी कुजून कोलमडतात. पिटुनियाच्या फुलांवर पाणी ओतू नका, चिकट होऊन कुजतात.

डोंबिवलीकर

गंमत बाजूला. आमच्यासारख्यांनी काय करावं? इकडे थंडी म्हणजे जानेवारीत दोन आठवडे पंख्याचा वेग कमी करणे. पॅन्झी आणली की आठवड्यात पिवळी. राणीच्या बागेतलं फुलांचं प्रदर्शन बघून यायचं आणि घरी हळहळायचं.

माहेर_मालवण

पॅन्झीच्या मागे कशाला लागता? कोरांटी लावा की. आमच्याकडे थंडीत कोरांटी नाही असं घर नसे. पिवळी काटेरी असते, जांभळी आणि पांढरी बिनकाट्याची. वास नाही, पण वळेसर (गजरे) भरून फुलं आणि देवाला रोजची सोय. पावसाळ्यात फांदी खोचली की लागते, दमट हवेचं तिला काही वाटत नाही. अबोलीसुद्धा कुंडीत छान येते.

आणि कुंद! मोगऱ्याच्या घरातलाच, पण फुलतो थंडीत. पांढरीशुभ्र फुलं, वास अगदी हलका. बारा-चौदा इंची कुंडी, सकाळचं ऊन, बहरानंतर छाटणी, बास. यंदा आणलात तर कळ्या असलेलंच रोप आणा.

डोंबिवलीकर

कोरांटी डोक्यातच नव्हती आली. आजीच्या परसात होती. घेतो.

वैदर्भीय

नागपूरहून. आमच्याकडे रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो, त्यामुळे डेलिया झकास होतो, पण त्याला भुरी पडते. पांढरी पावडर दिसली की पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, उन्हाच्या वेळी नाही, संध्याकाळी. ताईंच्या झेंडूलाही सांगून ठेवतो, सुकलेलं फूल झाडावर ठेवू नका. बी धरलं की झाडाचं काम संपलं, नवी कळी येत नाही.

जाता जाता, संक्रांतीचा विषय आहे आणि कुणीच संक्रांत वेल म्हणालं नाही? केशरी नळ्यांचे घोस, बरोबर जानेवारीत. आमच्या कंपाउंडवर आहे, लोक थांबून फोटो काढतात.

कुंडीवाली

तीच ती! आमच्या मागच्या बंगल्यावर आहे, नाव माहीत नव्हतं. कुंडीत येईल का?

वैदर्भीय

येईल, पण पिंपाएवढी कुंडी, चढायला जाळी आणि दिवसभर ऊन हवं. शिवाय यंदाच्या संक्रांतीला नाही. दोनेक वर्षं धीर धरावा लागेल. बाल्कनीपेक्षा गच्चीवर लावा, वेल भारी दांडगट आहे.

कुंडीवाली

सोसायटीच्या गच्चीसाठी सेक्रेटरींना विचारते. तूर्त ठरलं ते असं: शेवंती खोक्यात, नॅस्टर्शियम आणि फ्रेंच झेंडूचं बी या रविवारी, पिटुनिया-डायन्थसची रोपं उरुळीहून. एकच शंका. ड्राय बाल्कनीतल्या शेवंतीच्या कळ्यांभोवती आज काळे बारीक ठिपके दिसले, हात लावला तर चिकट. काय असेल?

मुळाकाठी

मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. थंडी आणि कोवळी कळी दिसली की हजर. आधी नुसत्या पाण्याची जोरात धार मारा, निम्मा तिथेच पडतो. मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नाहीतर तेल वर तरंगत राहतं. संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून विशेष. पाच-सहा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि मुंग्या चढताना दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा. माव्याचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. आजच करा, ती कुंडी इतर कुंड्यांजवळ नेऊ नका, नॅस्टर्शियमपासून तर लांबच ठेवा. त्यालाही मावा पटकन लागतो.