इश्तापा की सिवातानेहो: पोहण्याचा मुद्दा

मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावरील इश्तापा आणि सिवातानेहो या शेजारच्या दोन गावांपैकी इश्तापाची हॉटेले नवी आणि किनारा सरळ, म्हणून मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तेच निवडावे, असा सल्ला दिला जातो; तो खोल्यांपुरता मला मान्य आहे, पाण्यात उतरण्यापुरता नाही. इश्तापाचा मुख्य किनारा, प्लाया एल पाल्मार, थेट खुल्या प्रशांत महासागराकडे तोंड करून आहे. तिथे लाटा किनाऱ्याशी येऊन जोरात फुटतात, पाण्याची परतीची ओढही चांगलीच जाणवते, आणि त्यामुळे लाल बावटा लागला की समोर समुद्र असूनही मुले हॉटेलच्या तलावातच डुंबत बसतात. सिवातानेहो मात्र अरुंद तोंडाच्या उपसागरात वसलेले मूळचे मासेमारीचे गाव असल्याने तिथल्या ला रोपा किनाऱ्यावर पाणी बरेच शांत असते, आणि धक्क्यावरून होडीने जाता येते त्या लास गातास किनाऱ्यावर तर खडकांच्या रांगेआड ते जवळजवळ तळ्यासारखे होते.

इश्तापा हे १९७० च्या दशकात सरकारने आखून वसवलेले पर्यटनस्थळ आहे, त्यामुळे बाजार, मंडई आणि गुरुवारी गेरेरो प्रांताच्या रिवाजाप्रमाणे मिळणारे हिरवे पोसोले (मक्याच्या दाण्यांचा दाट रस्सा; शाकाहारींनी आधी विचारावे, त्यात बहुधा मांस असते) हे सारे सिवातानेहोत शोधणेच बरे. दोन्ही गावांत अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटरांचे असून बसगाड्या चालू असतात. तेव्हा मुक्काम सिवातानेहोत ठेवून इश्तापाला एखादी संध्याकाळ द्यावी, हे मला अधिक सोयीचे वाटते.