मदत हवी आहे : सेलू ते सेवाग्राम सायकलनं, नागपूर रोड टाळून

नमस्कार मंडळी. गाव आमचं हिंगणीच्या अलीकडं, सेलू तालुका, जिल्हा वर्धा. पोट्टं आठवीत आहे, शाळेत सरांनी सांगितलं की बापू १९३६ मध्ये वर्ध्याहून सेगावला पायी गेले अन् मग १९४० मध्ये त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं, तेव्हापासून घरात एकच धोशा, बाबा ते पायी गेले तर आपल्याले सायकलनं जायला काय होते. मीही बोलून बसलो, २ ऑक्टोबरला जाऊ म्हणून.

सेलूपर्यंत काही वांदा नाही. डांबरी रस्ता आहे, नाहीतर बोर धरणाच्या कॅनलची पाळ, मी एकटा असलो की तिच्यावरूनच जातो, सध्या तरोटा छातीपर्यंत आलाय पण ट्रक नाही ना हॉर्न नाही. घोडं अडते ते सेलू ते पवनार. तिथं चौपदरीशिवाय वाटच सापडेना, अन् चौपदरीवर राँग साइडनं मोटारसायकली येतात, पोराला घेऊन मी काही जाणार नाही. समृद्धीवर तर सायकलला बंदीच.

गेल्या रविवारी एकटाच वाट पाहायला निघालो. गूगल मॅपनं एक पांदण दाखवली, दोन दिवस आधी पाऊस होऊन गेलेला, काळी माती, पुढचं सांगायला नको. मडगार्ड अन् टायरच्या मधात चिखल असा ठासला की चाक फिरेना, धुऱ्यावरची गेल्या सालची पराटी उचलली अन् कोरत बसलो, दहा पावलं गेलो की पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर. सोयाबीनच्या वावरातून एक बाबा ओरडले, "हे पांदण दिवाळीनंतरची हाय गा!" पुढं नाला लागला, मॅपवरची रेघ मात्र आरामात पलीकडं गेलेली. घरी येऊन पाहतो तर मागच्या ट्यूबमध्ये तीन काटे.

तर त्या भागातल्या कोणी सांगा, सेलू ते पवनार गावागावातून पक्का रस्ता आहे का, दहा किलोमीटर जास्त पडले तरी चालेल. पवनारला धाम नदीवर विनोबांच्या आश्रमात थांबू, पण तिथून वर्धा शहरात न शिरता सेवाग्रामला कसं निघायचं? अन् काट्यांचं काय करता तुम्ही लोक?

प्रतिसाद :
दादा, मडगार्ड घरीच काढून ठेवा अन् पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस पांदणीचं नावच घेऊ नका. सराट्याच्या काट्याला टायरच्या आत लायनरची पट्टी टाकली तर बऱ्यापैकी चालते, बाभळीचा काटा त्यालाही जुमानत नाही, म्हणून ट्यूबमध्ये सीलंट भरा, भोक आतूनच बुजवणारं पातळ द्रव असते ते. साधी ट्यूब असेल तर काटा रस्त्यात उपटू नका, जागेवर असला तर हवा हळू जाते, तेवढ्यात गाव गाठता येते. वाटेचं म्हणाल तर सायकली छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, टाका, पवनारला उतरवा अन् तिथून चालवा, कशाला डोक्याला ताप.

धागाकर्ता :
सीलंट आणतो भाऊ, धन्यवाद. छोट्या हत्तीचं पोट्ट्याला विचारलं. म्हणे बापू छोट्या हत्तीत गेले होते का? त्यामुळे सेलू-पवनारची वाट कोणाला माहीत असेल तर अजूनही सांगा.