डायव्हर्जन घ्या, पण आधी कबुलीचं बघा
अमेरिकेत दुकानातून वस्तू उचलल्याची केस झाली की "डायव्हर्जन (शिक्षेऐवजी क्लास, समाजसेवा अशा अटी पाळून केस मिटवण्याचा मार्ग) पूर्ण केलं की केस डिसमिस, विषय संपला" असं सांगतात. ते अमेरिकन नागरिकापुरतं बऱ्यापैकी खरं. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्यांचं गणित वेगळं. कोर्टाने आधी 'गिल्टी' किंवा 'नो कॉन्टेस्ट' (गुन्हा कबूल नाही, पण आरोपाला विरोधही नाही) म्हणवून घेतलं आणि मग क्लास, समाजसेवा, प्रोबेशन लावलं, तर पुढे केस डिसमिस झाली तरी इमिग्रेशन कायदा ती दोषसिद्धीच धरतो. म्हणून कबुली न देता मिळणारं प्री-ट्रायल (खटला चालण्याआधीचं) डायव्हर्जन मागा. करारात "मी वस्तू उचलली" असं एखादं वाक्य दडलेलं असू शकतं, सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवाच. आणि हो, दुकानाच्या वकिलाचं पैसे मागणारं पत्र हे निराळं प्रकरण. ते भरले म्हणून फौजदारी केस मिटत नाही. डिसमिसलची सर्टिफाइड प्रत जपून ठेवा, व्हिसाच्या फॉर्मवर अटकेबद्दल विचारतातच.