मदत हवी आहे: लिस्बन-पोर्तोमध्ये आईबाबांसोबत राहणं आणि शाकाहारी जेवण

मे महिन्यात आम्ही चौघं पोर्तुगालमध्ये लिस्बनला 4 आणि पोर्तोला 3 रात्री राहणार आहोत. विमानाची तिकिटं काढली आहेत, राहण्याचं अजून ठरलेलं नाही. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट आणि मेट्रोजवळची सपाट जागा हवीच. लिस्बनच्या अल्फामा या जुन्या भागातली घरं फार आवडली होती, पण तिथले चढ आणि जिने बघून नाद सोडला. आता लिस्बनला बायशा किंवा साल्दान्या, पोर्तोला त्रिंदाद (विमानतळावरून मेट्रो थेट येते) इथवर आले आहे. दोन खोल्यांचे मिळून रोज 200 युरोपर्यंत चालतील.

खरी काळजी जेवणाची. अंडं चालतं, मासे-मांस अजिबात नाही. काल्दो व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या सॉसेजची चकती असते. लिस्बनमध्ये मार्तिम मोनिझ चौकाजवळ भारतीय हॉटेलं आहेत, पण एवढ्या लांब जाऊन रोज तेच खायचं नाही.

गुडघेदुखीवाल्या माणसासाठी बायशा बरं की साल्दान्या? दोन्ही शहरांत तिथल्या पद्धतीचं शाकाहारी जेवण तुम्हाला कुठे मिळालं? आणि सूप मांसाच्या पाण्यात केलंय का, हे पोर्तुगीजमध्ये नेमकं कसं विचारायचं?