अनुभव धागा: लेकराला घेऊन थीम पार्कला गेलेल्यांनी लिहा

नमस्कार कोल्हापूरकर मंडळी. दिवाळीची सुट्टी जवळ आली आणि आमच्या घरात खोपोलीच्या इमॅजिका पार्कचं वारं शिरलंय. लेक साडेतीन वर्षांची. बरोबर नवरा, सासूबाई आणि नणंदेचा नववीतला मुलगा. जाहिरातीत सगळी मुलं हसतच असतात, त्यातून काही कळत नाही. पार्क कुठलंही असू दे, खोपोली, बेंगळुरू, परदेश; पण पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल घेऊन गेला असाल तर लिहा. तिकिटाचे दर नकोत, ते आज एक उद्या दुसरे. रस्ता, जेवण, झोप, रांगा, म्हातारी माणसं यांवर लिहा. हातचं राखू नका.

उचगावहून:
रस्त्याचं मी सांगतो. कोल्हापूर ते खोपोली ३०० किलोमीटरच्या आसपास. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळं कुठं गाडी सर्व्हिस रोडला वळवतील सांगता येत नाही. पहाटे निघायचं आणि पार्क उघडायला गेटवर हजर, हा बेत कॉलेजच्या पोरांचा. लेकरू असलं की आदल्या दिवशी दुपारी जेवून निघा आणि पुण्यात नाहीतर लोणावळ्यात मुक्काम टाका. पोरगं गाडीत झोपलं की चहाची तल्लफ मारायची, गाडी थांबवायची नाही. आणि आम्ही गेलो तेव्हा खंबाटकीला जाताना बोगदा लागला, येताना घाट. उलटीची पिशवी परतीच्या वाटेवर हाताशी पाहिजे. लोक जाताना धरून बसतात आणि येताना डिकीत टाकतात.

राजारामपुरीतून, दोन मुलांची आई:
ताई, पहिलं काम म्हणजे घरी भिंतीला उभं करून लेकीची उंची मोजा. चप्पल काढून, सेंटिमीटरमध्ये. राइडवर वय कुणी विचारत नाही, प्रत्येक राइडच्या तोंडाशी पट्टी असते आणि तिथला माणूस मुलाला पट्टीखाली उभं करतो. मोठ्या रोलर कोस्टरला बहुतेक ठिकाणी १२० ते १४० सेंटिमीटर लागतात. सुरक्षेचा दांडा आणि पट्टा त्या मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकतं. तेव्हा "अहो एवढंसं कमी आहे, सोडा की" असली घासाघीस तिथं करू नका. मी एका पार्कात एक आजोबा ती करताना बघितलेत. नातू रडत होता, आजोबा भांडत होते आणि मागची रांग दोघांकडं बघत होती.

तुमच्या लेकीच्या वयाला काय मिळतं? घोड्यांचा गोल पाळणा, हळू वर-खाली होणारी छोटी विमानं, अंधारातून जाणारी एखादी गाडी (तीही सगळ्यांना झेपत नाही), बसून बघायचे खेळ आणि संध्याकाळची मिरवणूक. ऐकायला कमी वाटतं, पण त्या वयाला पुरतं. आमच्या धाकटीनं घोड्याचा पाळणा धरला तो सोडलाच नाही. बाजूला एवढा मोठा किल्ला, त्याच्याकडं तिनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ह्यांची चिडचिड सुरू, "एवढे पैसे घातले आणि ही घोड्यावर! घोडा रंकाळ्यावर बसवला असता." मी म्हटलं, तिकीट तुमच्या हौसेचं होतं, तुम्ही जावा तिकडं मोठ्या राइडवर.

आणि जावाच. एकानं मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्यानं जायचं, मग अदलाबदल. परदेशातल्या डिस्ने पार्कांत याची रीतसर सोय असते, दुसऱ्या पालकाला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. आपल्याकडं राइडच्या माणसाला आधी विचारून ठेवायचं. काही जण सोडतात, काही नाही, पण विचारायला लाजायचं काय कारण? तुमचा नववीतला भाचा इथं कामाला येईल, मोठ्या राइडला तुमच्या नवऱ्याला जोडीदार मिळतो.

झोपेचं शेवटचं. रोज दुपारी झोपणारं मूल तिथंही दुपारीच झोपणार. ढकलगाडी घरची न्या, नाहीतर तिथं भाड्यानं मिळते का आधी विचारा. ती झोपली की एसीतला एखादा खेळ गाठून तिथंच बसा. झोप मोडून राइडवर चढवलेलं मूल संध्याकाळच्या मिरवणुकीपर्यंत टिकत नाही, आणि मिरवणूक ही त्या वयाला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ढोलताशा नसला तरी आपली पोरं तिथं नाचायला लागतात.

शाहूपुरीतून:
वॉटर पार्क करणार असाल तर नायलॉनचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. तिथं विकत-भाड्यानं मिळतात, पण आपल्या महाद्वार रोडवरून घेऊन जाणं परवडतं. लहानांना पाण्यातला वेगळा डायपर असतो, साधा पाणी पिऊन फुगतो आणि मग काय होतं ते लिहीत नाही.

ताराबाई पार्कातून:
आम्ही बेंगळुरूच्या वंडरलाला गेलो. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली, रात्रभर झोपून सकाळी बेंगळुरू. पार्क २००५ पासूनचं, शहराबाहेर बिडदीजवळ, म्हैसूर रोडला. तिथं तिकीटसुद्धा उंचीवर, ८५ सेंटिमीटरच्या खाली फुकट, तिथून १४० पर्यंत लहानांचं. थोरल्याचं वय बाराच, पण उंची आजोबांवर गेलेली, त्यामुळं पूर्ण तिकीट. रेल्वेचा प्रवास हीच आमच्या पोराची मोठी राइड झाली. वरच्या बर्थवरून तो उतरेचना.

मंगळवार पेठेतून, आज्जी:
सूनबाई, सासूला न्यायचं का नाही हे तू सरळ विचारलं न्हाईस, पण मला कळलं. मी सांगते. माझा जावई नोकरीला हाँगकाँगला. तिथलं डिस्नेलँड २००५ चं, लांताऊ नावाच्या बेटावर. तिथं जायच्या आगगाडीच्या खिडक्यासुद्धा त्या उंदराच्या तोंडाच्या आकाराच्या! मी नऊवारीत, पायात कोल्हापुरी. लोक माझेच फोटो काढत हुते, उंदीर राहिला बाजूला. म्हाताऱ्यांना तिकीट लई स्वस्त, तीन वर्षांच्या आतल्याला फुकट. जायच्या आधी मात्र आपल्या पासपोर्टवाल्यांना इंटरनेटवर नोंदणी करून कागद घ्यावा लागतो, ते जावयानं केलं.

तिथं एक होडी हाय, सगळ्या देशांच्या बाहुल्या गाणं म्हणत्यात, मधनं आपण जायचं. आत गारवा, बसायला जागा. मी आणि नात परत परत तिथंच. बाकीची उन्हात रांगेत. चालणं भयंकर, माझे गुडघे बोलायला लागले, पण बाकडी जागोजागी हैत. खायला शाकाहारी शोधावं लागतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी घेऊन गेले हुते, त्या हॉटेलच्या खोलीवर सकाळ-संध्याकाळ कामाला आल्या. तेव्हा सासूला न्यावं. बसायची जागा तेवढी आधी दाखवावी आणि "आई, तुम्ही थकला असाल" असं सारखं म्हणू नये.

(धागाकर्ती: आज्जी, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या दशम्यांच्या तयारीला लागल्यात.)

कळंब्याहून:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. साडेतीन वर्षांच्या पोराला कणेरी मठावर न्या. सिद्धगिरीचं ते गावगाड्याचं म्युझियम, बैल, कुंभार, सुतार, सगळे पुतळे खऱ्या मापाचे. कोल्हापुरातनं अर्धा तास. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. खर्च किती, त्रास किती? आम्ही शाळेच्या सहलीत बोटीतनं गोराईला एस्सेलवर्ल्डला गेलो, ते आज आठवतं कारण आम्ही मोठे होतो. ते पार्कही २०२२ पासून बंद. तुमच्या पोरीला दहाव्या वर्षी न्या, जन्मभर सांगंल.

धागाकर्ती:
कणेरी दर पाहुण्याबरोबर होते हो दादा, लेक आता पुतळ्यांना नावानं हाक मारते. आणि तिला आठवणार नाही म्हणून न्यायचं नाही, तर मग तिचं बारसं तरी कशाला केलं?

कळंब्याहून: बरं बरं. बारशाचं पटलं.

नागाळा पार्कातून:
नाव सांगत नाही, पण एका मोठ्या पार्कात मिरवणुकीच्या गर्दीत आमचा चार वर्षांचा मुलगा हातातून सुटला. थोड्याच वेळात सापडला, पण तेवढ्यात माझे पाय गळाले होते. तो एका सुरक्षारक्षक बाईंजवळ उभा होता. घरातून निघण्यापूर्वी त्याला शिकवलं होतं, हरवलास तर पळायचं नाही, असा गणवेश घातलेल्या माणसाजवळ जाऊन उभं राहायचं. आत शिरल्याबरोबर तो गणवेश बोटानं दाखवलाही होता. मनगटावर बॉलपेननं माझा नंबर होता (घामानं अर्धा पुसला, जाड मार्करनं लिहा). आणि सकाळी गेटवर काढलेला फोटो. घाबरल्यावर मुलानं कुठला शर्ट घातलाय ते खरंच आठवत नाही, मला आठवलं नव्हतं.

आणखी एक. मिठी मारायला येणारी ती मोठ्या डोक्याची, आत माणूस असलेली बाहुली लांबून गोड दिसते, जवळ आली की अनेक मुलं किंचाळतात. फोटोसाठी पुढं ढकलू नका.

धागाकर्ती:
उंची मोजली, ९६. नवऱ्यानं लगेच सगळ्या राइडची यादी घेऊन तिला चालणाऱ्यांखाली रेघ मारली, आता स्वतःची यादी वेगळी करतोय. शनिवार-रविवार नको, सुट्टीचा शेवटचा आठवडा, मधला वार ठरवलाय. लोणावळ्यात मुक्काम. एकच राहिलं: बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत असं ऐकते, मग लेकीचा मऊ भात?

राजारामपुरीतून:
तान्ह्या-लहानग्यांचं खाणं सहसा अडवत नाहीत, पण नियम बदलतात, फोन करून विचारा. भात छोट्या डब्यात वेगळा ठेवा, तुमच्या दशम्यांच्या पिशवीत नको. नाहीतर सासूबाईंच्या दशम्यांपायी भातही गेटवर राहायचा.